बंड्याचा कान आणि आमचा कानाडोळा

आमच्याकडे गजराचं घड्याळ नव्हतं असं नाही, पण त्याची गरजच पडायची नाही, कारण पहाटे बंड्या उठायचा, सोफ्यावरून खाली उतरायचा आणि डोकं असं काही झटकायचा की दोन्ही कान गालांवर फटाफट आपटायचे. फड फड फड फड. कुणीतरी ओला टॉवेल झटकतंय असा आवाज. मी झोपेतच म्हणायचे, झालं, साहेब उठले. बाबा म्हणायचे, आळस झटकतोय तो, तुलाही जमलं पाहिजे. एकदा मी त्याचा मोबाईलवर स्लो मोशनमध्ये व्हिडिओपण काढला होता, कान पंख्याच्या पात्यांसारखे फिरताहेत, ओठ एकीकडे, लाळ दुसरीकडे, आणि घरच्या ग्रुपवर टाकल्यावर सगळ्यांनी हसून घेतलं. आज तो व्हिडिओ मला बघवत नाही. कारण नीट पाहिलं तर झटकून झाल्यावर तो मागच्या पायाने डावा कान खाजवतो आणि खाजवताना कुंई करतो, अगदी बारीक, आणि त्याच्यावरून माझं हसणं ऐकू येतं.

बंड्या सात वर्षांचा. तोंडवळा लॅब्रॅडॉरचा, बाकीचं खानदान त्याचं त्यालाच माहीत. कान मोठे, मऊ, खाली पडलेले, आणि घरात कुणाचाही मूड गेला की ते कान हातात घेऊन कुरवाळत बसायचं ही आम्हा दोघांची सवय. म्हणजे त्या कानांना दिवसातून दहा वेळा हात लागत होता बरं का. कानाच्या आत मात्र कित्येक आठवड्यांत कुणी डोकावलं नव्हतं.

एका सकाळी फडफड ऐकू आली नाही. बंड्या उठून दारात उभा होता, मान डावीकडे कललेली, आणि डावा कान उजव्यापेक्षा चांगला बोटभर खाली लोंबत होता. मी जवळ जाऊन कान हातात घेतला आणि दचकून सोडला. रोज जो कान रुमालासारखा हलका लागायचा तो जड, गरम, आणि आतल्या बाजूने टम्म फुगलेला, वर गुलाबी कातडी ताणलेली. बोटाने हलकं दाबलं तर आत काहीतरी डुचमळलं. पाणी भरलेला फुगा असतो ना, तसं.

बाबा म्हणाले, मधमाशी चावली असणार. मला वाटलं गळू. मग मोबाईलवर शोधाशोध, आणि तिथे नेहमीप्रमाणे पहिल्या पाच मिनिटांत किरकोळ सुजेपासून कॅन्सरपर्यंत सगळं फिरून झालं. आता माहीत आहे म्हणून सांगते, माशी किंवा गांधीलमाशी चावून सूज आली की ती सहसा भराभर येते, नुसती कानाच्या पाळीत न राहता थोबाडावर, डोळ्यांभोवती, ओठांवर पसरते, कधी अंगभर गांध्या उठतात. गळू असेल तर ते चांगलंच दुखतं, हात लावू देत नाही, ताप असू शकतो, आणि केस बाजूला करून बघितलं तर बऱ्याचदा दुसऱ्या कुत्र्याच्या दाताचं बारीक भोक सापडतं. बंड्याचं तसं काहीच नव्हतं. तोंड जसंच्या तसं, जेवायला तयार, फक्त एक कान उशीसारखा आणि मान वाकडी. माणसाची औषधं ठेवलेल्या डब्याकडे माझा हात गेला होता हेपण कबूल करते, वेदनाशामक गोळीची अर्धी द्यावी म्हणून. दिली नाही ते शहाणपण नव्हतं, पाकीट रिकामं होतं एवढंच. आपण डोकं दुखलं की सहज घेतो ती आयबुप्रोफेन कुत्र्याच्या पोटात अल्सर करू शकते, किडनी बिघडवू शकते, आणि पॅरासिटामॉल त्यांच्या लिव्हरवर येऊ शकतं.

पहिल्या दवाखान्यात डॉक्टरांनी कान बघताक्षणी सांगितलं, रक्त साकळलंय, ऑरल हेमॅटोमा, म्हणजे कानाच्या पाळीत साठलेलं रक्त. सुई घातली आणि सिरिंज भरून रक्त काढलं, पुन्हा भरून काढलं, कान सपाट झाला, मला रडू येईल इतकं बरं वाटलं. त्यांनी कानाच्या आत बघायचा प्रयत्न केला होता हे प्रामाणिकपणे सांगायला हवं, पण बंड्याने जो काही थयथयाट केला त्यात दुर्बीण खाली पडली, बाहेर रांग होती, आणि मीच म्हटलं राहू दे डॉक्टर, खूप घाबरलाय तो. घरी आलो. चौथ्या दिवशी कान होता तसा. उलट थोडा जास्तच.

इथे मला राग आला होता, सगळ्यांचा. डॉक्टरांचा, सुईचा, बंड्याचापण, कारण तो डोकं झटकणं थांबवतच नव्हता. आणि हे वाक्य मनात आलं तरी त्यातला 'झटकणं' हा शब्द माझ्या ध्यानात आला नाही. तो दुसऱ्या डॉक्टर मॅडमनी पकडला.

त्यांनी कानाला हात लावायच्या आधी खुर्चीत बसून विचारलं, "हा डोकं कधीपासून झटकतोय?"

मी म्हटलं, "सूज आल्यापासून."

बाबा मागून म्हणाले, "नाही गं. गजर."

मग मॅडमनी कागदावर चित्र काढून दाखवलं. कानाची पाळ म्हणजे दोन्हीकडून कातडी आणि मध्ये कूर्चेचा पातळ पत्रा. मोठ्या रक्तवाहिन्या कानाच्या पाठीमागून वर चढतात आणि त्यांच्या बारीक फांद्या कूर्चेतल्या भोकांमधून आरपार आतल्या बाजूला येतात. कुत्रा जोरात डोकं झटकतो तेव्हा हे थर एकमेकांवर सरकतात, कूर्चेला तडा जातो, भोकातून जाणारी बारीक रक्तवाहिनी तुटते आणि रक्त आत पाझरत राहतं. बाहेर यायला वाट नाही, म्हणून ते कूर्चा आणि कातडी यांना एकमेकांपासून सोडवत जागा करतं, आणि आतला दाब वाढला की मग कुठे थांबतं. "आता सांगा," त्या म्हणाल्या, "सुईने रक्त काढलं म्हणजे आपण काय काढलं? तो दाब. तुटलेली शीर तिथेच, मोकळी झालेली पोकळीपण तिथेच, आणि झटकणं चालू. भरणारच परत." सुईने काढणं चूकच असं नाही, काही कुत्र्यांत तेवढ्यावर भागतं, सोबत स्टेरॉइड दिलं तर भागायची शक्यता वाढते, पण परत भरणं इतकं नेहमीचं आहे की त्यात दवाखाना बदलण्यासारखं काही नव्हतं, हे मला आता कळतं. तेव्हा कळलं नव्हतं.

झटक्यात जोर किती असतो याची मला कल्पना नव्हती. २०१२ साली अमेरिकेत जॉर्जिया टेकच्या संशोधकांनी ओले प्राणी अंग कसे झटकतात ते हाय-स्पीड कॅमेऱ्याने मोजलं होतं. उंदीर सेकंदाला साधारण ३० वेळा, आणि लॅब्रॅडॉरसारखं मोठं कुत्रं ४ ते ५ वेळा. आकडा ऐकायला छोटा वाटतो, पण त्या गतीने एक लांब कान जाऊन गालावर, कवटीवर, कधी टेबलाच्या कडेवर आपटतोय असं डोळ्यांसमोर आणा. आणि हे अंघोळीनंतर एकदा नाही, खाज सुटलेला कुत्रा दिवसातून पन्नास वेळा करतो, रात्री आपण झोपलेलो असताना वेगळंच. लोंबत्या कानांच्या कुत्र्यांत हे जास्त दिसतं, लॅब्रॅडॉर, गोल्डन रिट्रीव्हर, स्पॅनियल वगैरे, आणि मध्यम वयाच्या पुढे जास्त. पण ताठ कानाच्या कुत्र्यांनापण होतं, मांजरांनाही होतं, त्यामुळे आमच्या कुत्र्याचे कान उभे आहेत म्हणून कुणी निश्चिंत राहू नये.

म्हणजे सुजलेली पाळ हा आजार नव्हताच. ती नुसती पावती होती, आणि खरेदी आतमध्ये कधीच झाली होती.

"मग झटकतो का?" मी विचारलं. मॅडम म्हणाल्या, "तेच तर शोधायचंय." या वेळी बंड्याला गुंगीचं इंजेक्शन देऊन दुर्बीण आत गेली. कुत्र्याच्या कानाची नळी आपल्यासारखी जवळजवळ सरळ नसते, आधी खाली उतरते आणि मग काटकोनात आत वळते, पडदा त्या वळणाच्या पलीकडे. म्हणून वरून डोकावलं तर तुम्हाला कान स्वच्छ दिसू शकतो आणि वळणाच्या पुढे काय चाललंय त्याचा पत्ता लागत नाही. वरून कानाचं झाकण पडलेलं, हवा खेळत नाही, आत ओल आणि ऊब, पोहून किंवा अंघोळ करून आलं की पाणी त्या वळणात अडकून बसतं. बुरशीला आणि जंतूंना याहून चांगलं घर कुठे मिळणार. मॅडमनी आतला मळ काचेवर घेतला, रंग दिला, आणि मला मायक्रोस्कोपमधून बघायला लावलं. जांभळ्या रंगाचे, बुटांच्या तळव्यांच्या ठशांसारखे दिसणारे ठिपके, ढीगभर. मॅलासेझिया, एक प्रकारची यीस्ट. ती निरोगी कानातपण थोडी असतेच, फक्त संधी मिळाली की वाढते. कानाला जो आंबूस वास येत होता, ज्याला आम्ही 'कुत्र्याचा वास' म्हणत होतो, तो हा.

कुत्र्याचा वास! सात वर्षं कुत्रा घरात आहे आणि त्याचा नेहमीचा वास कुठला, आजारी कानाचा कुठला, हे आम्हा दोन शिकल्यासवरल्या माणसांना कळलं नाही.

एक गोष्ट त्यांनी दुर्बिणीच्याही आधी केली होती आणि तिचं मला फार कौतुक वाटतं. त्यांनी बंड्याचे ओठ वर करून हिरड्या बघितल्या, पोटाची कातडी उलटसुलट करून कुठे लाल बारीक ठिपके, निळे डाग आहेत का ते पाहिलं, आणि विचारलं, घरात किंवा आसपास उंदरांचं औषध टाकलंय का? गोचीड निघाली होती का एवढ्यात? मला संदर्भच लागेना. पण उंदीर मारायची बरीच औषधं रक्त गोठू न देण्यावरच काम करतात, आणि गोचिडीतून होणाऱ्या एर्लिकियासारख्या तापात प्लेटलेट्स खाली येतात, आणि असा कुत्रा कशाच्याही निमित्ताने आतल्या आत रक्त सांडू शकतो, त्यात कान आलाच. काही कुत्र्यांत जन्मापासूनच रक्त नीट गोठत नाही. असल्या कुत्र्याच्या कानात सुई घालायची किंवा चिरायला घ्यायचं म्हणजे मोठी आफत. म्हणून आधी रक्त तपासलं. प्लेटलेट्स ठीक निघाल्या. हे सगळं आमच्या बाबतीत 'काही नाही' निघालं, पण त्या 'काही नाही'साठी कुणीतरी विचारावं लागतं.

पुढच्या दीड-दोन महिन्यांत आम्ही त्या दवाखान्याच्या बाकड्यावर इतके तास काढले की सुजलेल्या कानांवर माझा एक छोटा कोर्सच झाला. एक पिल्लू आलं होतं, कानात काळा भुसभुशीत मळ, कॉफीच्या चोथ्यासारखा, आणि खाजवून खाजवून कानामागचे केस गेलेले. कानातले किडे, माइट्स, अर्धा मिलिमीटरही नसतात, काळ्या मळात पांढरे ठिपके हलताना दिसले तर दिसतात. ते एकाकडून दुसऱ्याकडे जातात, त्या घरात दोन मांजरं होती आणि औषध तिघांनाही घ्यावं लागलं. मॅडम त्या लोकांना सांगत होत्या की किड्यांचं अंड्यापासून पुढचं चक्र साधारण 3 आठवड्यांचं असतं, त्यामुळे चार दिवसांत खाज थांबली म्हणून औषध सोडू नका. एक म्हातारा पांढरा कुत्रा होता, त्याच्या कानाच्या टोकाला बरी न होणारी खपली, मालकांना वाटत होतं माशा चावतात. माशा कानाची टोकं चावून रक्तबंबाळ करतात हे खरंच आहे, पण पांढऱ्या, विरळ केसांच्या कानांवर वर्षानुवर्षं ऊन पडून कातडीचा कॅन्सरपण होतो, म्हणून त्याचा तुकडा तपासायला पाठवला. पुढे काय झालं ते मला कळलं नाही, ते गृहस्थ परत दिसले नाहीत. एका वर्षभराच्या कुत्रीच्या कानावर बटणाएवढी लाल गाठ होती, तिच्या मालकिणीचे हात थरथरत होते, आणि ती निघाली हिस्टिओसायटोमा, तरुण कुत्र्यांत येते आणि बहुतेक वेळा काही महिन्यांत आपोआप जाते. तपासल्याशिवाय मात्र ते बाहेरून कुणालाच सांगता येत नाही, मॅडमनापण नाही, तसं त्या स्वतःच म्हणाल्या.

आणि एक कुसळवाला. हा मला विसरताच येत नाही. फिरायला जाईपर्यंत धडधाकट, गवतातून हुंदडून आला आणि घरी येता येता एकाएकी डोकं एका बाजूला कलवून वेड्यासारखं झटकायला लागला, दुसऱ्या दिवशी पाळ टम्म. कानातून लांबलचक वाळलेलं कुसळ निघालं. कुसळाचे दाते एकाच दिशेने असतात, ते पुढे सरकतं, मागे येत नाही, त्यामुळे ते स्वतःहून पडेल म्हणून वाट बघण्यात अर्थ नसतो, कधी कधी पडदा फाडून आत जातं. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं म्हणतात, इथे आपल्याच कुत्र्याच्या कानातलं दिसत नाही. बाबांना हे फार आवडलं, त्यांनी आल्यागेल्याला ऐकवलं.

बंड्याच्या कानात कुसळ नव्हतं, किडे नव्हते. यीस्ट होती, पण मॅडमनी तिथेपण आम्हाला थांबू दिलं नाही. यीस्ट का वाढली? "पंजे चाटतो का?" हो, खूप, रात्री चपक चपक आवाज येतो, आम्हाला वाटायचं स्वच्छतेची आवड आहे. त्यांनी पंजा उलटा करून दाखवला, बोटांमधले केस तांबूस झालेले, सतत लाळ लागून. काखा लाल, पोट लाल, आणि उजवा कान, जो मी 'चांगला कान' धरून चालले होते, तोपण आतून लालबुंद. म्हणजे अ‍ॅलर्जी. परत परत कान बिघडणाऱ्या कुत्र्यांत सगळ्यात जास्त वेळा मुळाशी हीच असते, आणि काही कुत्र्यांत तर कान सोडून बाकी कुठे काही दिसतच नाही. कातडीची अ‍ॅलर्जी म्हणजे अंगावर पुरळ असंच माझ्या डोक्यात होतं, कानाची नळी हीसुद्धा आत वळलेली कातडीच आहे हे कधी सुचलं नव्हतं.

साखळी बघा कशी झाली. अ‍ॅलर्जीने कानाच्या आतली कातडी सुजली, तिथे मळ आणि ओल वाढली, त्यावर यीस्ट वाढली, तिने खाज, खाजेने झटकणं, झटकण्याने शीर तुटली, आणि मग कुठे आम्हाला दिसेल असं काहीतरी झालं. आम्ही शेवटच्या कडीला धरून लोंबकळत होतो. अर्थात सगळ्यांचं असं सरळ लागत नाही. काही कुत्र्यांत कान आतून साफ असतो, आणि तरी पाळीत रक्त साकळतं, कारण सापडत नाही. शरीराची प्रतिकारशक्तीच कानाच्या कूर्चेवर उलटते की काय अशी एक शंका संशोधकांनी मांडली होती, पण ती काही पक्की सिद्ध झालेली नाही. थायरॉइड कमी असला, कुशिंग्ज म्हणजे शरीरात कॉर्टिसोल जास्त बनण्याचा आजार असला, तर कातडी आणि रक्तवाहिन्या कमजोर होतात, कानाचं इन्फेक्शन पुन्हा पुन्हा उलटतं. म्हातारपणी कान सुजला की या बाजूनेपण बघतात.

आता माझ्या स्वतःच्या पराक्रमाविषयी. सूज यायच्या आधी महिनाभर कधीतरी बंड्या कान खाजवत होता तेव्हा मी कपाटातली जुनी कानाच्या थेंबांची बाटली काढून तीन दिवस घातली होती. बाटली दोन वर्षांपूर्वीची. तीन दिवसांत खाज कमी झाली, मी बाटली परत ठेवून दिली, डॉक्टरकीचं समाधान मिळालं. मॅडमना हे सांगितल्यावर त्या रागावल्या नाहीत, नुसत्या गप्प बसल्या, ते जास्त लागलं. मग म्हणाल्या, पडदा फाटलेला असेल तर काही औषधं आतल्या कानात उतरून ऐकू येणं जाऊ शकतं, तोल जाऊ शकतो, म्हणून पडदा बघितल्याशिवाय थेंब घालायचे नसतात. आणि अर्धवट उपचाराने इन्फेक्शन मरत नाही, दबा धरून बसतं. शिवाय माझ्या कानकाड्या. कापूस लावलेल्या काडीने मी दर रविवारी त्याचे कान 'साफ' करायचे, म्हणजे प्रत्यक्षात मळ त्या काटकोनाच्या वळणापर्यंत ढकलून तिथे ठासून भरत होते. आता व्हेटनी दिलेलं क्लीनर कानात ओतायचं, कानाच्या मुळाशी बाहेरून चोळायचं, पच पच आवाज येतो, मग त्याला झटकू द्यायचं आणि बाहेर आलेलं कापसाने पुसायचं. हे झटकणं त्या सुजेच्या दिवसांत मात्र चालणारं नव्हतं, तेव्हा सफाई गुंगीतच झाली.

ऑपरेशन झालं. पाळीच्या आतल्या बाजूने चीर, साकळलेल्या रक्ताच्या गुठळ्या काढल्या, आणि गादीला जसे जागोजागी टाके घालून कापूस सरकू देत नाहीत ना, तसे कानाच्या आरपार टाके, म्हणजे कातडी आणि कूर्चा एकमेकांना चिकटून राहावीत आणि मध्ये पोकळीच उरू नये. टाके उभे, कानाच्या लांबीच्या दिशेने, कारण रक्तवाहिन्या तशा जातात, आडवे घातले तर कानाचा रक्तपुरवठाच आवळायचा. चीर पूर्ण शिवत नाहीत, आतलं पाझरून जायला थोडी उघडी ठेवतात, हे मला आधी सांगितलं होतं तरी घरी आल्यावर ते थेंब थेंब गळणं बघून मी दोनदा फोन केला. जवळजवळ 3 आठवडे टाके. आणि गळ्यात नरसाळं. त्या नरसाळ्याने बंड्याने घरातल्या प्रत्येक चौकटीचा पोपडा काढला, बाबांच्या पोटऱ्या सोलल्या, आणि पहिले दोन दिवस तो भिंतीकडे तोंड करून उभा राहायचा, जणू आम्हीच त्याला शिक्षा केली आहे. खरं म्हणजे तसंच होतं. बाबांनी एकदा दया येऊन रात्री ते काढलं. सकाळी एक टाका गायब आणि भिंतीवर, पडद्यावर, टीव्हीवर बारीक रक्ताचे शिंतोडे, वर्तुळात, अगदी कुणी ब्रश झटकावा तसे. त्या दिवशी बाबा काहीच बोलले नाहीत, ओलं फडकं घेऊन एकटेच भिंत पुसत होते.

अ‍ॅलर्जी कशाची, याची गोष्ट सरळ नाही. खाण्याची असेल तर कळायला रक्ताची तपासणी फारशी कामाची नाही, आठ आठवडे त्याने पूर्वी कधी न खाल्लेलं ठरावीक खाणं, आणि त्याशिवाय तोंडात काही म्हणजे काही नाही. कुत्र्यांना जास्त करून बीफ, दूध, चिकन, गहू याचं वावडं निघतं, ज्याला लोक उगाच 'गरम पडतं' म्हणतात त्याचं नाही. सहाव्या आठवड्यात मी बाबांना रंगेहाथ पकडलं, खुर्चीखालून हात, हातात बिस्कीट. किती दिवस चाललंय हे? तर म्हणे पहिल्या दिवसापासून, एकच तर देतो. परत पहिल्यापासून आठ आठवडे. शेवटी खाण्याने फारसा फरक पडला नाहीच, म्हणजे घरातली धूळ, परागकण असलं काहीतरी, ज्याला अ‍ॅटोपी म्हणतात. ती बरी होत नाही, आटोक्यात ठेवायची. बाबांना हे ऐकून सुटल्यासारखं झालं, बिस्किटाचा दोष नव्हता ना!

मॅडमनी एक गोष्ट लिहून ठेवायला सांगितली होती, रोज किती वेळा झटकतो. आम्ही फ्रिजवर कागद लावला आणि रेघा मारायला लागलो. पहिल्या आठवड्यात चाळीसच्या खाली आकडा नव्हता. मग पंचवीस, मग बारा, मग एकदम परत तीस, तेव्हा नेलं तर उजव्या कानात यीस्ट परत सुरू झाली होती, पाळ सुजायच्या आधीच सापडली. ज्या आवाजाला आम्ही गजर म्हणत होतो तो आता आम्ही मोजतो. झोपेतून उठून एकदा, अंघोळीनंतर चार-पाचदा, हे कुत्र्याचं चालायचंच.

डावा कान पूर्वीसारखा झाला नाही. रक्त साकळून राहिलं की कूर्चा उपाशी मरते, तिथे जाड, वेडीवाकडी भर येते आणि कान आक्रसतो. कुस्ती खेळणाऱ्या पैलवानांचे कान कसे मोडून गोळा झालेले असतात, तेपण हेच, कूर्चेवरचं आवरण सुटून मध्ये रक्त भरलेलं असतं. काहीच केलं नसतं तरी काही आठवड्यांत बंड्याची सूज आपसूक जिरली असती, पण कान चुरगाळल्यासारखा झाला असता, आणि नळीचं तोंड आक्रसून अरुंद झालं असतं तर आतलं दुखणं अजून वाढलं असतं. आमच्या चार-पाच दिवसांच्या हयगयीला तेवढी मोठी शिक्षा झाली नाही. फक्त टोक जरा दुमडलेलं आहे, पुस्तकात खूण म्हणून पान मुडपावं तसं. बाबा त्याला पैलवान म्हणतात. मी अजूनही मूड गेला की तो कान हातात घेऊन बसते, टाक्यांच्या जागा बोटांना बारीक बारीक लागतात, आणि मग कान उलटा करून आत वास घेते, पाहुण्यांसमोरसुद्धा.

काल पहाटे चारच्या सुमाराला फडफड झाली. मी डोळे मिटूनच थांबले, दुसरी येते का बघत. नखांची टकटक, भांड्यातलं पाणी पिण्याचा आवाज, सोफ्याची स्प्रिंग करकरली.

बाबांच्या खोलीतून हळूच आवाज आला, "किती?"

"एकदाच."

"मग झोप."

पण उठून त्यांनी फ्रिजवर रेघ मारल्याचं मला ऐकू आलं.